शिवपुत्राच्या गाडीचे ब्रेक

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ न्हाय म्हणतात आमच्यात. म्या घेते. शिवपुत्र. तो जाऊन आता आठेक महिने व्हत आले, आन गावात ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचं नाव हाय. ते पण कसं, तर दारुड्या म्हणून. मग म्या एकटीनंच काय म्हणून तोंड शिवून बसायचं?

आमचं गाव सास्तूर. शिवपुत्र व्हॅन चालवायचा. सकाळी शाळेची लेकरं न्यायची-आणायची, दुपारून कुणाचं भाडं मिळंल ते. जानेवारीत एका संध्याकाळी लोहाऱ्याकडनं येताना ओढ्याच्या उताराला म्होरं बैलगाडी आली, हा तिला चुकवायला गेला आन व्हॅन रस्ता सोडून बाभळीवर आदळली. शिवपुत्र जाग्यावर गेला. मागच्या सीटवर आमच्या समोरच्या घरचा सिद्धाराम आडवा व्हऊन झोपलेला व्हता, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं, पुन्हा झालं, तरी अजून काठीशिवाय उभा ऱ्हात न्हाय.

सिद्धारामची बायको मल्लम्मा. तिचं आन आमचं आधी इतकं ग्वाड व्हतं की तिच्या घरची शेंगांची चटणी आमच्या ताटात असायची. आता ती आमच्या दाराकडं बघून पिचकारी टाकायची. बाईचं पण खरं हाय, घरात कर्ता माणूस आडवा पडल्यावर कुणावर तरी राग काढायलाच लागतो. पण तिनं काढला तो मेलेल्या माणसावर. "ढोसून चालवत व्हता, माझ्या मालकाला लोळवलं," असं नळावर, पिठाच्या गिरणीत, मठात, जिथं चार बायका दिसतील तिथं.

शिवपुत्र प्यायचा, खोटं कशाला सांगू. लगीन झालं तवा प्यायचा. मग एकदा गळ्यातल्या लिंगाला हात लावून आईला शब्द दिला आन सोडली. दोन वर्सं थेंब न्हवता. पण माणसानं दारू सोडली तरी गाव त्या माणसाची दारू सोडत न्हाय. त्यात गाडी तपासायला आरटीओचा साहेब आला, त्यानं पाय दाबून बघितला, ब्रेक लागला. ब्रेक चालू असं लिहून गेला. ब्रेक चालू, रस्ता कोरडा, उजेड व्हता, मग मागं राहिलं काय? त्याचं रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय.

आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. माझ्या अत्ती उमाबाई, ठेंगण्या, हडकुळ्या, सकाळी उठल्यापासनं हाताला काम. पोरगा गेल्यापासनं त्यांचं बोलणं आटलं. एकच वाक्य ऱ्हायलं व्हतं. "माझा शिवपुत्र पिला न्हवता." भाकरी थापताना म्हणायच्या, फोटोला इभूत लावताना म्हणायच्या, कोंबड्यांना दाणं टाकताना पण म्हणायच्या. तेवढ्या एका वाक्यावर बाई जगत व्हती.

आन मला काहीच व्हत न्हवतं. मातीच्या दिवशी बायका माझ्या पाठीत बुक्क्या मारत व्हत्या, रड गं, रड गं म्हणून. मला वाटायचं, ह्यांचे हात दुखत असतील. दात काढायच्या आधी सुई देतात ना, आन मग गाल आपला न्हाईच असं वाटतंय, तसं माझं समदं अंग झालं व्हतं. जेवायची, झोपायची, धुणं धुवायची. लोक म्हणायचे, भुवना धीराची हाय. धीर कसला, काही लागतच न्हवतं.

लागलं ते नळावर. श्रावण संपत आला व्हता. मल्लम्मा माझ्या म्होरं घागर लावून उभी, आन मला ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणली, "आई म्हणती पिला न्हवता. आईला काय, पोरगं गुत्त्यात पडलेलं दावलं तरी ती दूध पीत व्हतं म्हणंल."

माझं डोकं फिरलं. म्या घागर खाली ठिवली. म्हणलं, "मल्लम्माकाकू, गाडी सुटून घरी आलीय. म्या तिचे ब्रेक खोलते. माझ्या हातानं. ब्रेकात खोट निघाली तर तुमी माझ्या दारात यायचं आन अत्तींच्या म्होरं म्हणायचं, शिवपुत्र पिला न्हवता. आन खोट न्हाय निघाली तर म्या तुमच्या पाया पडंन, समद्या गल्लीदेखत."

मल्लम्मा म्हणली, "खोल की. म्या कधी न्हाय म्हणलं?"

झालं. तोंडातनं निघालं ते निघालं. घरी येऊन अत्तींना सांगितलं तर बाई चुलीपुढनं उठली, माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन म्हणली, "बघच तू. गाडीच सांगंल." किती दिवसांनी त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलं.

गाडी ठाण्यातनं सोडवून आणली ती गुंडाप्पा भावजींनी. ते शिवपुत्राचे चुलतभाऊ, उमरग्याला खताच्या दुकानात कामाला. म्होरचा पत्रा ठोकून घेतला, काच बसवली, स्टेरिंग सरळ करून घेतलं, आन आणून आमच्या अंगणात उभी केली. त्यांचं म्हणणं, इकून टाकू. गिऱ्हाईक पण बघितलं व्हतं. पण गाडी ढकलली तर म्होरची चाकं धरायची, म्हणून गिऱ्हाईक म्हणत व्हतं ब्रेक नीट करून द्या. "वैनी, गॅरेजला टाकू," भावजी म्हणले.

"गॅरेजवाला म्हणंल ते मला ऐकायचं न्हाय. म्या बघणार."

"तुमी?"

"का, पाना काय मिशा बघून फिरतो का?"

भावजी हसले न्हायत. पण ब्रेकच्या नव्या रबरांचं किट आणून देतो म्हणले.

मला येतंय, असं न्हाय. पण शिवपुत्र गाडीचं समदं घरीच करायचा. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा आन म्या मोबाईल धरून बसायची. त्याचे हात काळे असले की म्या व्हिडिओ मागं-म्होरं करायची. पाने म्याच द्यायची. ब्रेकातली हवा काढायला तर दोन माणसं लागतातच, एक पाय दाबायला आन एक खाली निपल, म्हंजी हवा सोडायची बारकी तोटी, खोलायला. पाय माझाच असायचा. तो खालनं ओरडायचा, दाब, धर, सोड. गाडी चालवायला पण त्यानंच शिकवली, परवाना काढून दिला. म्हणायचा, म्या आजारी पडलो तर शाळेची लेकरं कोण नेणार.

सोमवार सोडून मंगळवारी म्या हात घातला. लेकरू न्हाय आमाला, त्यामुळं मधी मधी यायला कुणी न्हाय. अत्ती तेवढ्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत व्हत्या. चाकाचे नट आधी जमिनीवरच ढिले केले, मग जॅक लावला, खाली दगड सारले, चाक काढलं.

चाक काढल्या काढल्या दिसलं ते म्हंजी चकती. चाकासंगं फिरती ती लोखंडाची चकती, पांढरी शुभ्र असायला पाहिजे. ती निळी पडली व्हती. मोराच्या पिसात असतो तसला निळा. लोखंड लई तापलं की असं व्हतंय, हे शिवपुत्रानंच मला सांगितलं व्हतं. म्या दुसरं चाक काढलं. तिथं पण निळी.

मला सिद्धारामचं बोलणं आठवलं. सिद्धाराम दवाखान्यात शुद्धीवर आला तवा म्हणला व्हता, झोपेत कसला तरी जळका वास येत व्हता. मल्लम्मानं त्याला गप केलं, बिडीचा असंल म्हणून.

कॅलिपर म्हंजी त्या चकतीला दोन्हीकडनं धरणारा चिमटा. त्याच्या पोटात एक पिस्टन असतो, पोलादाची पालथी वाटी म्हणा. तुमी पाय दाबला की ब्रेक ऑइल त्या वाटीला म्होरं ढकलतं, ती पॅडला ढकलती, पॅड चकतीला दाबतं, गाडी थांबती. आन वाटीभोवती एक रबरी रिंग असती. सगळी करामत तिची. पाय काढला की ती रिंग वाटीला केसभर मागं ओढून घेती, म्हणून चाक मोकळं व्हतं. रिंगनं ओढलं न्हाय तर पॅड घासतच ऱ्हातं. घासलं की तापतं. लई तापलं की आतलं ऑइल उकळतं, त्यात वाफ धरती, आन मग पाय दाबला तर पाय नुसता खाली जातो, दुधात बुडाल्यासारखा. गाडी थांबत न्हाय. आन गार झालं की पुन्हा समदं नीट. साहेबानं चार दिवसांनी दाबून बघितलं तर लागणारच की ब्रेक.

हे समदं मला तिथं बसल्या बसल्या उमगत गेलं. पण नुसतं निळं लोखंड दावून मल्लम्मा गप बसणार न्हवती. आत बघायला पाहिजे व्हतं.

कॅलिपरचे बोल्ट काढले, तारेनं वर बांधून ठिवला, पॅड काढले. ते झिजून पत्र्याला आले व्हते. मग गाडीत बसून पाय दाबत गेले, म्हंजी ऑइलच पिस्टनला भायेर ढकलतं. पिस्टन येईना. कण्हत कण्हत आला. धूळ अडवायचं वरचं रबर काढलं तर त्याच्या घडीत पिवळट चिकट काहीतरी बसलेलं. बोटानं काढून वास घेतला. म्हणलं, हा वास आपल्याला ठाव हाय. पण कशाचा ते डोक्यात येईना.

मग आतली रिंग काढली सुईनं. ती खोबणीतनं निघाली ती परत खोबणीत बसंना. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगली व्हती, हाताला बुळबुळीत.

तेवढ्यात गुंडाप्पा भावजी किट घिऊन आले. उंबऱ्यापाशी पाणी पिले, घाईत व्हते, आपली मोटरसायकल चालूच ठिवली व्हती. म्या रिंगा मुठीत धरल्या व्हत्या, का धरल्या ठाव न्हाय. किट देताना भावजी म्हणले, "दुकानदार म्हणला, जुनी रबरं फुगलेली निघाली तर समजायचं कुणीतरी साधं त्येल लावलंय. दुसरं कारण नसतंय. ब्रेकच्या रबराला साधं त्येल म्हंजी इष. उद्या येतो म्या, मल्लम्माकाकूला पण घिऊन येतो, त्यांना मधी साक्षीदार पाहिजे म्हणतात."

भावजी गेले. म्या बोटाचा वास पुन्हा घेतला. करडईचं त्येल.

म्या वळून अत्तींकडं बघितलं. त्या शेंगा फोडत व्हत्या.

आमच्यात खांडेनवमीला घरातलं समदं लोखंड पुजतात. विळा, खुरपं, पहार, कुऱ्हाड, वखराची फास, शिवणाची कात्री. आदल्या दिशी समदं घासून धुवायचं, वाळवायचं, मग पोत्यावर मांडून त्याला त्येल लावायचं, आन दुसऱ्या दिशी हळदी-कुकू. ते काम घरातल्या मोठ्या बाईचं. मागच्या दसऱ्याला म्या माहेरी आळंदला व्हते, आईचे डोळे आले व्हते म्हणून. त्याच वक्ताला शिवपुत्रानं पहिल्यांदा कॅलिपर घरी खोलले व्हते. नवं किट टाकलं व्हतं. मला फोनवर सांगितलं व्हतं, तुझ्याबिगर केलं, पाय दाबायला आईला बसवलं.

म्या जमंल तेवढ्या साध्या आवाजात इचारलं, "अत्ती, मागच्या खांडेनवमीला ह्या वाट्यांना पण त्येल लावलं व्हतं का?"

अत्तींचं तोंड एकदम उजळलं. शेंगांचं सूप बाजूला सारून त्या माझ्यापाशी आल्या, उकिडव्या बसल्या. "व्हय की," म्हणल्या. "त्यानं समदं पोत्यावर मांडून ठिवलं व्हतं, धुऊन, पुसून, नीट वळीनं. आन गेला अंघुळीला. म्या म्हणलं, समद्या लोखंडाला त्येल, आन पोराच्या पोटाचं लोखंड कोरडं ऱ्हातंय व्हय? वाट्यांना लावलं. त्या रबरी बांगड्यांना तर दोनदा लावलं, चांगलं चोळून. रबर सुकतंय ना लवकर. त्यो आला, म्हणला, म्याच ऑइल लावून ठिवलं व्हतं वाटतं. बसवल्यावर म्हणतो कसा, आई, लई गुळगुळीत बसलं." आन हसल्या. पोरगा गेल्यापासनं त्यांना म्या पहिल्यांदा हसताना बघितलं. पुढचे दोन दात न्हायत, ते दिसले.

"त्याला सांगितलं न्हाय तुमी?"

"सांगायचं काय त्यात? दर वर्साला लावतो आपण."

मला त्या बाईचा असा राग आला की काय सांगू. हातात चौदाचा पाना व्हता. वाटलं फेकून मारावा. म्हणावं, म्हातारे, तूच मारलंस त्याला. बांगड्यांना दोनदा चोळलंस. दसऱ्यापासनं तो म्हणत व्हता गाडी जड पळतीय, पेट्रोललाच शिव्या देत व्हता, आन त्याच्या पायाखाली तू तुझी माया भरून ठिवली व्हतीस. हे समदं तोंडात आलं. दातापाशी आलं. आन मग जसं आलं तसं गेलं. राग पण टिकंना माझ्यात.

अत्ती म्हणल्या, "काय गं? काय सापडलं?"

"बघते अजून," म्हणलं.

रिंगा पदराला गाठ मारून ठिवल्या आन दुसरी बाजू खोलली. तिथं पण तेच.

त्या राती म्या ठरवलं, आपण काय सांगायचं. रबर खराब निघालं म्हणायचं, एवढंच. कशानं ते कशाला? शिवपुत्राचं नाव धुऊन निघंल, अत्तींना त्येलाचं कळायचं न्हाय, मल्लम्मा दारात येऊन बोलंल, झालं. सोपं वाटलं. मग वाटलं, म्या तरी आयुष्यभर ह्या बाईच्या हातची भाकरी कशी खायाची. तेही ठरवलं, खायाची. दुसरं कोण हाय तिला, आन मला तरी.

सकाळी कामाला लागले. पिस्टन चांगले व्हते, नुसता डाग व्हता त्यावर. बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं फिरवला. खोबण कापडाच्या चिंधीनं ब्रेक ऑइल लावून पुसली, पुन्हा पुसली, चिंधी कोरी निघंपर्यंत. नवी रिंग नव्या ब्रेक ऑइलात बुडवून खोबणीत बसवली. तिथं साबण चालत न्हाय, ग्रीस चालत न्हाय, खोबरेल चालत न्हाय, फक्त तेच. मग दोन्ही अंगठ्यांनी पिस्टन सरळ दाबत गेले. वाकडा गेला तर अडकतो. सरळ गेला की आपोआप बसतो, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. नवे पॅड, नवे तांब्याचे वायसर, पाइप. चकत्या निळ्याच ऱ्हायल्या, त्यांना म्या काय करणार.

ऱ्हायली हवा काढायची. दुसरं माणूस पाहिजे. मागच्या बारीला आईला बसवलं व्हतं, ते आठवलं. दुसरं व्हतंच कोण?

"अत्ती, या. पाय दाबायचाय."

त्या चढल्या. लुगडं सावरून डायवरच्या सीटवर अगदी कडेला बसल्या, न्हायतर पाय पोचत न्हाय. दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं. पोराच्या जागेवर बसल्या म्हणून असंल, स्टेरिंगवरनं एकदा तळवा फिरवला. म्या खाली पोत्यावर आडवी झाले, निपलला नळी लावली, नळी बाटलीत.

"दाबा," म्या म्हणलं.

"दाबलं."

"धरा."

म्या निपल खोललं. नळीतनं बुडबुडे आले. बंद केलं.

"सोडा."

असं करत गेलो. बाईला समदं आठवत व्हतं. म्या दाबा म्हणायच्या आत दाबायच्या. उजव्या बाजूचं झालं, डाव्या बाजूला आले. मधीच वरनं आवाज आला, "त्यो पण असाच म्हणायचा. दाब, धर, सोड. आईला अगं-तुगं करायचा मेला." म्या खाली पडल्या पडल्या पाना फिरवत व्हते.

तेवढ्यात गुंडाप्पा भावजी आले. संगं मल्लम्मा. मागनं गल्लीतल्या दोघी-तिघी. म्या उठले, हात पुसले. अत्ती उतरल्या न्हायत, तिथंच सीटवर बसून, काचेतनं आमच्याकडं बघत. दार उघडंच व्हतं, समदं ऐकू जात व्हतं.

मल्लम्मा म्हणली, "काय निघालं गं?"

म्या तोंड उघडलं, रबर खराब व्हतं म्हणायला. पण भावजी मधीच म्हणले, "खराब व्हायला रबर जुनं न्हवतं. दसऱ्याला नवं टाकलं व्हतं त्यानं. तीन महिन्यात रबर झिजत न्हाय वैनी. फुगलं व्हतं का?"

म्या चिंधीनं पाना पुसला.

मल्लम्मानं इचारलं, "फुगलं म्हंजी?"

"म्हंजी कुणीतरी साधं त्येल लावलंय," भावजी म्हणले. "तसलं असंल तर दाखवा वैनी, मग शिवपुत्राचा काही संबंधच न्हाय. मग बघू कुणी लावलं ते."

म्या गाडीकडं बघितलं. अत्ती स्टेरिंग धरून, मान थोडी म्होरं काढून, माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. तोंडावर तोच उजेड. म्या आता सांगणार, आन त्यांचा पोरगा सुटणार. त्यांनी त्येल हा शबुद ऐकला व्हता, पण त्यांचं तिकडं ध्यानच न्हवतं. म्या पुढचं एक वाक्य बोलले असते की ध्यान गेलं असतं. दोन दिवसात न्हाय, चार दिवसात न्हाय, तिथंच, त्या सीटवर, त्याच्या जागेवर बसून.

एका पारड्यात शिवपुत्र, दुसऱ्यात ही. तो मेलेला व्हता.

"न्हाय," म्या म्हणलं. "फुगलं न्हवतं. रबर चांगलं व्हतं. ब्रेक चांगले व्हते, ठाण्यात उभ्या उभ्या गंजून धरले एवढंच."

पदराच्या गाठीत रिंगा व्हत्या. चांगल्या रबराच्या रिंगा कोण बघायला मागतंय, कुणी मागितल्या न्हायत.

म्या मल्लम्माच्या पाया पडायला वाकणार, तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. अत्ती उतरल्या. मला वाटलं ओरडतील, खोटं हाय म्हणतील. न्हाय. सरळ चालत आल्या, मल्लम्माच्या म्होरं आल्या, आन तिच्या पायावर डोकं ठिवलं. वयानं ह्या थोरल्या, ती धाकली. मल्लम्मा मागं सरकली, "उमाबाई, असं नका करू," म्हणायला लागली. अत्तींनी पाय सोडले न्हायत.

"माझ्या पोरानं तुझ्या मालकाला अपंग केलं," अत्ती म्हणल्या. "लिंगावर हात ठिवून शब्द दिला आन पिला. मल्लम्मा, त्याच्या वतीनं म्या माफी मागते. त्याला तळतळाट दिऊ नको."

म्या तिथंच उभी. हलले न्हाय. बोलायला अजून येळ व्हता, रिंगा गाठीतच व्हत्या. म्या गाठीवर हात ठिवून उभी ऱ्हायले.

मल्लम्मा रडली. तिनं अत्तींना उठवलं, डोळे पुसले, त्यांचे पण पुसले. घरात आली. म्या चहा टाकला. तिनं घेतला. किती महिन्यांनी आमच्या घरातला कप तिच्या ओठाला लागला. गुंडाप्पा भावजी अंगणातच उभे व्हते. जाताना मला म्हणले, "वैनी, तुमी खरं बोललात. लई धाडस लागतं."

दुसऱ्या दिशी अत्तींनी फोटोला इभूत लावली न्हाय. म्या लावायला गेले तर म्हणल्या, "ऱ्हाऊ दे." ते एक वाक्य पण आता त्यांनी सोडलं व्हतं. भाकरी थापताना काहीच म्हणत न्हवत्या. म्या त्यांच्याकडं बघायची आन मला वाटायचं, बाईला वाचवलं म्हणतेस, आन वाचलंय कुठं काय. पण हे पण मला लांबनंच वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं असल्यासारखं.

गिऱ्हाईक अजून आठवड्यानं येणार व्हतं. सिद्धारामला धाराशिवला मोठ्या दवाखान्यात दावायचं व्हतं. अत्तीच म्हणल्या, "आपल्या गाडीनं नेऊ. भुवना चालवंल. तेवढं तरी करू." मल्लम्मा व्हय म्हणली.

मग निघालो. मागं सिद्धाराम आडवा, त्याचं डोकं मल्लम्माच्या मांडीवर. म्होरं माझ्या शेजारी अत्ती. जाताना ओढा आला तवा अत्तींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. दवाखान्यात दिवस गेला. डॉक्टर म्हणले, हाड जुळतंय. मल्लम्मानं स्टँडबाहेर समद्यांना गुलाबजाम खाऊ घातले, अत्तींच्या हातात तिनं स्वतः दिला.

येताना लोहारा मागं पडलं आन ओढ्याचा उतार आला. बाभळीचं साल अजून निघालेलं दिसत व्हतं. म्होरं शेरडांचा कळप रस्ता ओलांडत व्हता. म्या पाय दाबला. गाडी थांबली, अगदी जिथं थांबवायची व्हती तिथं. मागं मल्लम्मा आन सिद्धाराम झोपले व्हते, त्यांना धक्का पण बसला न्हाय.

शेरडं जात व्हती. अत्ती माझ्या पायाकडं बघत व्हत्या. मग हळूच म्हणल्या, "तवा पण असाच लागत व्हता ब्रेक?"

"व्हय अत्ती. असाच."

कळप सरला. शेवटची शेळी पण गेली. म्या गाडी हलवली न्हाय.

"मग दाबला का न्हाय गं त्यानं?" अत्ती म्हणल्या. "बैलगाडी समोर दिसत व्हती. ब्रेक पायाखाली व्हता. माझ्या पोरानं दाबला का न्हाय?"

म्या म्हणलं, "ठाव न्हाय."